कॉम्प्युटरवर पीपीएसएसपीपी चालवताना या चुका टाळा

पीपीएसएसपीपी हा इम्युलेटर, म्हणजे सोनीच्या पीएसपी या हातातल्या गेम कन्सोलचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम. त्यात गेम अडकत चालला की लोक आधी मशीनला नावं ठेवतात. बहुतेक वेळा घोळ सेटिंगमधल्या खटपटीचा असतो.

मूळ पीएसपीचा पडदा 480 x 272 पिक्सेलचा. रेंडरिंग रिझोल्यूशन, म्हणजे चित्र मूळच्या किती पट मोठं काढायचं ते, 4x केलं की 1920 x 1088 होतं, फुल एचडी मॉनिटरला तेवढं पुरतं. तरी हौसेने 10x लावलं जातं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर 2x पासून सुरुवात करा. टेक्स्चर अपस्केलिंग, म्हणजे गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं मोठी, रेखीव करणं, बंदच ठेवा. त्याचा भार प्रोसेसरवर पडू शकतो आणि नवं दृश्य आलं की गेम झटका खातो.

सगळ्यात महागात पडतं ते ‘स्किप बफर इफेक्ट्स’. वेग वाढतो, खोटं नाही. पण अनेक गेम आधी चित्र मेमरीत बाजूला काढून घेतात आणि मग त्यावर धूसरपणा, चमक चढवतात. हा टप्पाच गाळला की आवाज येतो आणि पडदा काळा, नाहीतर सावल्या गायब. असं झालं तर आधी ही सेटिंग बंद आहे ना ते बघा, मग बॅकएंड (ग्राफिक्स कार्डाशी बोलायची पद्धत) व्हल्कनवरून डायरेक्टथ्रीडी 11 किंवा ओपनजीएलवर न्या. एका वेळी एकच सेटिंग बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणारच नाही.

फ्रेमस्किप, म्हणजे वेगासाठी मधली काही चित्रं गाळणं, लावण्याआधी वेगाचा आकडा पडद्यावर घ्या. वेग 100 टक्के असूनही हालचाल तुटक वाटत असेल, तर तो गेम मुळातच सेकंदाला 30 फ्रेमचा असू शकतो.

सेव्हचं नुकसान मात्र भरून येत नाही. एफ2 ने घेतलेली सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणाच्या मेमरीची जशीच्या तशी नक्कल. इम्युलेटर अपडेट केल्यावर ती उघडेलच असं नाही. गेमच्या आतलं सेव्ह वापरा, ते ‘पीएसपी’ फोल्डरमधल्या ‘सेव्हडेटा’त राहतं. त्याची प्रत अधूनमधून दुसरीकडे ठेवा. झिपमधून काढलेली पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारी) आवृत्ती ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये टाकू नका, तिथे लिहायची परवानगी नसल्याने सेव्हची अडचण होऊ शकते.

आणि बायोस फाइल, म्हणजे मूळ कन्सोलमधलं अंगभूत सॉफ्टवेअर, शोधत बसू नका. पीपीएसएसपीपीला ती लागतच नाही, ‘बायोससह’ म्हणून मिळणाऱ्या डाउनलोडपासून लांबच राहा.