ड्रममध्ये बुडालेला होज : बॅकफ्लोच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

कामाला लागून काही महिनेच झाले होते. एका कारखान्यात मीटरजवळचं बॅकफ्लो उपकरण, म्हणजे आवारातलं पाणी उलटं वाहून वाहिनीत जाऊ न देणारं उपकरण, तपासायला गेलो. उपकरण ठणठणीत होतं, कागदावर 'उत्तीर्ण' लिहून निघालो. मागच्या शेडमधून जाताना एक होज दिसला. एक टोक नळाला जोडलेलं, दुसरं साफसफाईच्या रसायनाने भरलेल्या ड्रमच्या पार तळाशी. नळ चालूच होता. त्याच पाइपवर चार पावलांवर कामगारांचा पिण्याच्या पाण्याचा नळ होता.

मीटरजवळचं उपकरण रस्त्यावरची जलवाहिनी वाचवतं, आवारातल्या माणसांना नाही. हे मला पुस्तकात वाचून कळलं नव्हतं, त्या शेडमध्ये उभं राहिल्यावर कळलं. म्हणून नव्या मुलांना माझं पहिलं सांगणं हेच असतं, की टेस्ट किट उघडण्याआधी आवार फिरून या. पाइप कुठून येतो हे सगळेच बघतात. तो कुठे संपतो ते बघा.

पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातं, नळ कुणाचा हे त्याला कळत नाही. वाहिनी फुटली किंवा अग्निशमनासाठी एकदम पाणी खेचलं गेलं, की मुख्य वाहिनीतला दाब पडतो आणि घराघरांतलं पाणी मागे ओढलं जातं. हे बॅकसायफनेज. दुसऱ्या प्रकारात आवारातला पंप, बॉयलर किंवा उंचावरची टाकी वाहिनीपेक्षा जास्त दाब देते आणि पाणी उलटं ढकललं जातं. हे बॅकप्रेशर. दर 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब, एवढा हिशेब तोंडपाठ ठेवा.

1969 साली अमेरिकेतल्या वूस्टर शहरात होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल संघात संसर्गजन्य कावीळ पसरली. शहरात आग लागली होती, ती विझवताना वाहिनीतला दाब पडला आणि मैदानाच्या स्प्रिंकलरच्या खड्ड्यांत साचलेलं दूषित पाणी पिण्याच्या पाइपात शिरलं. संघाला उरलेला हंगाम रद्द करावा लागला. मैदानाला पाणी घालण्याची साधी सोय, त्यात कुणाला धोका दिसला नव्हता. आमच्या कामात धोका बहुतेक वेळा असाच साधा दिसतो.

उपायांत सगळ्यात भरवशाचा एअर गॅप, म्हणजे निव्वळ मोकळी हवा. टाकी जिथून ओसंडते त्या काठापासून पाइपचं तोंड पाइपच्या व्यासाच्या निदान दुप्पट उंच, आणि कुठल्याही परिस्थितीत 25 मिलीमीटरपेक्षा कमी नाही. त्यात बिघडायला काही नसतं, पण कुणीतरी 'पाणी उडतं' म्हणून पाइपला नळी जोडतो आणि गॅप संपतो. साधा व्हॅक्यूम ब्रेकर (दाब पडला की पाइपात हवा सोडणारं उपकरण) फक्त ओढ थांबवतो, उलट्या दाबापुढे निरुपयोगी. आणि त्याच्या पुढे बंद करायचा व्हॉल्व्ह बसवायचा नसतो. डबल चेक, म्हणजे पाणी एकाच दिशेने सोडणारे दोन चेक व्हॉल्व्ह एकापुढे एक, कमी धोक्याच्या जागी चालतो. रसायनं, सांडपाणी, रुग्णालयं असतील तिथे आरपीझेड (रिड्यूस्ड प्रेशर झोन, म्हणजे मधे कमी दाबाचा कप्पा असलेलं उपकरण) हवा.

आरपीझेडमध्ये दोन चेक व्हॉल्व्ह आणि मधल्या कप्प्याला रिलीफ व्हॉल्व्ह असतो. मधला दाब पुरवठ्याच्या दाबापेक्षा कायम कमी राहिला पाहिजे. तो फरक घटत 2 पीएसआयवर (सुमारे 0.14 बार) येण्याआधीच रिलीफ उघडून पाणी बाहेर टाकायला हवा. तपासताना पुढचा व्हॉल्व्ह बंद करून फरक हळूहळू कमी करत न्यायचा. एक हात किटच्या नॉबवर, दुसरा रिलीफच्या तोंडाखाली. पहिला थेंब बोटाला लागला त्या क्षणी काटा कुठे होता, तेच तुमचं उत्तर. घाई केली तर काटा पुढे पळतो आणि आकडा खोटा येतो. आणि पाणी बंद करण्याआधी आत कुणाचं काय चालू आहे ते विचारा. डायलिसिस चालू असताना व्हॉल्व्ह फिरवायचा नसतो.

एका इमारतीत अशाच आरपीझेडच्या रिलीफमध्ये चिंध्या कोंबून वरून तारेने बांधलेलं सापडलं. देखभालीचे काका म्हणाले, "सारखं गळतं हो, फरशी निसरडी होते. कुणी पडलं तर?" त्यांची काळजी खरीच होती. मी पहिला चेक उघडला, तर रबराच्या बैठकीवर गंजाची एक खपली अडकलेली. त्यामुळे पाण्याचा वापर थांबला की मधला दाब चढायचा आणि रिलीफ गळायचा. म्हणजे उपकरण त्याचं काम चोख करत होतं. खपली काढली, बैठक धुतली, गळती थांबली. मग रिलीफखाली, तोंडापासून अंतर सोडून, गटाराला नेणारं नरसाळं लावून घ्यायला सांगितलं, म्हणजे पुढच्या वेळी फरशी भिजणार नाही.

तेव्हापासून कुठल्याही आरपीझेडसमोर गेलो की गेज काढण्याआधी वाकतो आणि खालचं तोंड मोकळं आहे ना, ते बोट घालून बघतो.