१५०० मीटरला पहिले १०० आवरा, बाकीचं जमतं

मास्टर्सच्या मीटला (मोठ्या वयाच्या लोकांची पोहण्याची स्पर्धा) पहिल्यांदाच १५०० फ्रीस्टाइल लावणाऱ्यांसाठी. ५० मीटरच्या टँकमध्ये ३० लेंथ (या टोकापासून त्या टोकापर्यंत एक) होतात आणि तुमचं टार्गेट ३० मिनिटं असेल तर हिशोब एकदम सोपा, एक लेंथ एक मिनिट. घोळ होतो तो पहिल्या शंभरात, कारण उडी मारलेली असते, अंगात जोश असतो, शेजारच्या लेनमधला सुसाट सुटलेला असतो आणि आपल्याला वाटतं आज काय मस्त जातंय. मी एकदा पहिले १०० मीटर १:४५ ला मारले आणि सहाशेला खांदे असे जड झाले की हात पाण्याबाहेर निघेनात, पुढची प्रत्येक लेंथ ६५-६६ सेकंदांची.

म्हणून प्रॅक्टिसला आठवड्यातून एकदा १५ वेळा १००, प्रत्येक बरोबर २ मिनिटांत, मध्ये १५-२० सेकंद थांबायचं. पहिले चार "हे काय फारच हळू" वाटले पाहिजेत, नाही वाटले तर टार्गेट चुकलंय, वेळ सरळ वाढवा. बऱ्याच टँकवर पेस क्लॉक (पोहताना सेकंद बघायचं मोठं घड्याळ) नसतं, साधं हातातलं घड्याळ चालतं.

रेसमध्ये ३० लेंथ मोजत बसू नका, हमखास चुकतं (माझं तरी चुकतंच), ३०० चे पाच तुकडे करा. किक कमी ठेवा, मांड्या ऑक्सिजन खातात. श्वास दर दोन हातांना घ्या, इथे उगाच दम रोखून शाइन मारायची नाही. जोर लावायचाच असेल तर शेवटच्या तुकड्यात.