दहावीला दिव्यांग सवलती: लेखनिक, जादा वेळ आणि वर्गातली जागा, या चुका टाळा

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, हातात आहे, म्हणजे दहावीला लेखनिक (मूल सांगेल ते उत्तर लिहिणारा मदतनीस) आणि जादा वेळ आपोआप मिळणार असे धरून चालू नका. सोलापूर जिल्हा पुणे विभागीय मंडळात येतो, आणि सवलतीचा प्रस्ताव शाळेनेच तिकडे पाठवावा लागतो. फॉर्म भरले गेले की शाळेत प्री-लिस्ट, म्हणजे भरलेली माहिती तपासण्याची यादी, येते. तिच्यावर सही करताना पालक नाव आणि जन्मतारीख पाहतात, दिव्यांग प्रकाराचा रकाना सहसा कोणी पाहत नाही. तिथली चूक हॉल तिकीट आल्यावर सापडली तर पळापळ ठरलेली. दिव्यांगत्वाची टक्केवारी ४० पेक्षा कमी आहे म्हणून प्रस्तावच न पाठवणे हीसुद्धा चूक. लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट धरता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे.

जुने प्रमाणपत्र

अध्ययन अक्षमतेचे, म्हणजे एलडीचे, प्रमाणपत्र तिसरी-चौथीत काढले आणि फाईलला लावून ठेवले, असे फार होते. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ८ व्या वर्षी पहिली तपासणी, १४ आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी सांगितली आहे. १४ वे वर्ष आठवी-नववीत येते, तेव्हाच नंबर लावा. खासगी समुपदेशकाच्या अहवालावर भागत नाही, शासनमान्य केंद्राचेच प्रमाणपत्र लागते. करमाळा किंवा अक्कलकोटहून येणाऱ्यांनी कोणत्या दिवशी तपासणी असते हे आधी विचारूनच एसटी धरावी.

सोलापुरात एक वेगळीच गल्लत होते. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड. असे मूल ‘ती पुस्तक’, ‘तो शाळा’ म्हणते, तो घरच्या भाषेचा परिणाम आहे, एलडी नव्हे. उलट बाजूही तितकीच खरी. ‘घरी तेलुगू आहे, सुधारेल हळूहळू’ म्हणत आठवी उजाडते. एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिणे, फळ्यावरून उतरवताना ओळच गाळणे, पाचवीतही जोडाक्षराशी अडखळणे, ही लक्षणे भाषेवर ढकलू नका.

लेखनिक

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेचा लागतो, म्हणून शाळा नववीतल्या हुशार मुलाला आदल्या दिवशी धरून आणते. हुशारीपेक्षा वाचता येईल असे अक्षर आणि ऐकलेले तसेच लिहिण्याची सवय कामाची. उत्तर ‘सुधारून’ लिहिणारा लेखनिक धोक्याचा. माध्यमही पाहा: कन्नड किंवा उर्दू माध्यमाच्या मुलाला मराठी लेखनिक दिला तर तो प्रश्न वाचूनच दाखवू शकत नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या परीक्षाविषयक सूचनांत वेगवेगळ्या पेपरांना, विशेषतः भाषांना, वेगळा लेखनिक घेण्याची मुभा आहे. त्यासाठी प्रस्ताव पाठवतानाच सगळी नावे द्या, शिवाय आजारपणासाठी एक राखीव.

सांगून लिहवून घेणे हे वेगळे कौशल्य आहे, ते जानेवारीत सुरू करून येत नाही. जूनपासून आठवड्याला एक सराव ठेवा, आधी २० मिनिटांचा, सत्र परीक्षेपर्यंत पूर्ण पेपरचा. बीजगणितात कंस कुठे उघडला, कुठे बंद झाला, घातांक कुठे संपला हे मोठ्याने म्हणायची ठरलेली पद्धत दोघांत हवी. नाहीतर (क+ख)² चे क+ख² होते आणि गुण जातात. वाक्य संपले की ‘पूर्णविराम’ म्हणायचे. प्रत्येक पान झाले की लेखनिकाने ते वाचून दाखवायचे. यात वेळ जातो, पण जादा वेळ त्यासाठीच आहे.

जादा वेळ

हिशोब तासाला २० मिनिटांचा: ३ तासांच्या पेपरला १ तास, गणित-विज्ञानाच्या २ तासांच्या पेपरला ४० मिनिटे. घोळ होतो तो बाकीच्यांची घंटा झाल्यावर. व्हरांड्यात गोंगाट सुरू होतो, पर्यवेक्षक गठ्ठे बांधायच्या घाईत असतात. म्हणून वेगळी खोली आणि शेवटपर्यंत थांबणारा पर्यवेक्षक केंद्र संचालकांकडून आधीच नक्की करून घ्या. खोली तळमजल्यावरची, पंखा चालणारी. मार्चमधल्या सोलापुरात दुपारी पत्र्याच्या खोलीत चौथा तास काढणे कुणालाही जड जाते.

वर्गात

‘पहिल्या बाकावर बसवले’ की काम झाले असे समजतात. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला बहुधा दुसरा बाक बरा, तिथून शिक्षकांचे तोंडही दिसते आणि उत्तर देणारी मुलेही. शिक्षक खिडकीकडे पाठ करून उभे राहिले तर चेहरा अंधारात जातो आणि ओठ वाचता येत नाहीत. फळ्याकडे तोंड करून शिकवले तरी तेच.

अल्पदृष्टीच्या मुलासाठी ए४ ची ए३ झेरॉक्स काढतात. त्यात अक्षर जेमतेम १.४ पट होते, कडा पुसट होतात आणि कागद बाकावर मावत नाही. घटक चाचणीची फाईल शाळेत असतेच, अक्षर १८ ते २० पॉइंट करून ए४ वरच छापा. कोणता आकार जमतो ते मुलालाच विचारा.