बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड: गॅस्केट बसवण्याआधीची तयारी

इंजिनचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड (सिलिंडरांचं झाकण) यांच्यामधला सांधा बंद करणारी पातळ चकती म्हणजे गॅस्केट. नवं गॅस्केट पाकिटातच राहू द्या, त्याची गरज सगळ्यात शेवटी. आधी इंजिन पूर्ण निवू द्या. गरम हेडचे बोल्ट सोडले की ॲल्युमिनियम वाकतं. बोल्ट ढिले करताना कडेकडून मध्याकडे या, प्रत्येकाला थोडा थोडा पीळ देत.

हाताशी हवं ते असं: प्लास्टिकची खरवडणी, ब्रेक क्लीनर, धागे न सुटणारी फडकी, पक्की सरळपट्टी, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच), टॉर्क पाना (ठरावीक जोराने बोल्ट आवळणारा), पिळाचा कोन अंशांत मोजायचा गेज. बोल्ट अंशांत पीळ देऊन ताणायचे असतील तर नवा संच आणा. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तेवढी पकड देईलच असं नाही.

खरं काम पृष्ठभागाचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट पसरतं. 400 मिमी लांबीचं हेड 80 अंश सेल्सिअसने तापलं, तर ब्लॉकपेक्षा सुमारे 0.35 मिमी जास्त वाढतं. म्हणजे दर वेळी तापता-निवताना हेड गॅस्केटवर घासतं. पृष्ठभाग खरखरीत असेल तर तो कानशीसारखा गॅस्केटचा लेप काढतो. थरांच्या पोलादी गॅस्केटला खरखरीतपणा आरए (पृष्ठभागाच्या उंचसखलपणाची सरासरी) 0.8 मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी ठेवा. जुन्या धाटणीच्या कंपोझिटला जरा जास्त चालतो. सपाटी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर तपासा: सरळपट्टीखाली 150 मिमीत फीलर गेजचं 0.05 मिमीचं पातं आत शिरलं तर हेड मशीनवर जाईल. पाण्याच्या भोकांभोवती ॲल्युमिनियम कुरतडलेलं दिसलं तर नुसतं घासून भागणार नाही. बीड आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात असले की झिजतं ते ॲल्युमिनियम, आणि जुन्या कूलंटमध्ये ते रोखणारं रसायन संपलेलं असतं.

ग्राइंडरवरची खरखरीत चकती मात्र नकोच. ती खड्डे पाडते, वर तिचे कण तेलात उतरून बेअरिंग खातात.

ब्लॉकमधली बंद भोकं हवेने कोरडी करा (डोळ्यांवर चष्मा हवाच). तळाशी तेल-पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना त्याच्या दाबाने ब्लॉक तडकू शकतो. आटे आणि बोल्टच्या डोक्याखाली तेलाचं बोट फिरवा, पण तेही निर्मात्याने सांगितलं असेल तरच. कोरड्या आणि ओल्या आट्यांना तोच टॉर्क वेगवेगळा ताण देतो.

सिलिकॉनचा मोह आवरा. लेप असलेल्या पोलादी गॅस्केटला ते लावायचं नाही. फक्त टायमिंग कव्हर (टायमिंगच्या साखळीवरचं किंवा पट्ट्यावरचं झाकण) आणि ब्लॉक जिथे भेटतात त्या सांध्यावर निर्माता सांगेल तेवढा ठिपका. डॉवेल (हेड नेमकं जागी बसवणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत ना, हे पाहून मगच पाकीट फोडा.