जुनी पोलो जीटी टीएसआय घेताय? पळवून नाही, रांगवून बघा

२०२२ मध्ये चाकणला फोक्सवॅगनची पोलो बनणं थांबलं. आता जीटी टीएसआय हवी असेल तर वापरलेलीच घ्यावी लागते. बघायला जाणारे बहुतेक जण मोकळा रस्ता गाठतात आणि ॲक्सिलरेटर दाबतात. १०५ पीएसचं टर्बो इंजिन पाठ सीटला चिकटवतं, चेहऱ्यावर हसू येतं, व्यवहार तिथेच ठरतो. विकणाऱ्यालाही हेच हवं असतं.

पण या गाडीचं दुखणं वेगात कळतच नाही. २०१३ ला आलेल्या १.२ टीएसआयमध्ये सात गिअरचा डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, दोन कोरड्या (तेलात न बुडलेल्या) क्लचचा. एक क्लच १-३-५-७ सांभाळतो, दुसरा २-४-६ आणि रिव्हर्स. ट्रॅफिकमध्ये गाडी फूट-फूट सरकते तेव्हा क्लच अर्धवट लागून घासत राहतात, तापतात. त्यामुळे रोज पुण्यात हिंजवडीच्या ट्रॅफिकच्या रांगेत उभी राहिलेली चाळीस हजार किलोमीटरची गाडी हायवेवर ऐंशी हजार पळालेल्या गाडीपेक्षा जास्त दमलेली असू शकते. नुसतं मीटर बघून खूश होऊ नका.

आधी वीसेक मिनिटं चालवून गिअरबॉक्स गरम होऊ द्या. मग एखाद्या चढावर ब्रेक सोडा आणि अगदी हलक्या पायाने गाडी रांगू द्या. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना लक्ष ठेवा. मी पाहिलेल्या एका गाडीत नेमक्या त्या क्षणी कप होल्डरमधली बाटली खुळखुळली. मालक म्हणाले, "डीएसजी असाच असतो हो." नसतो, ही थरथर क्लच दमल्याची खूण. रिव्हर्समध्येही हेच करून बघा. डिस्प्लेवर गिअरचं अक्षर लुकलुकलं किंवा एकाआड एक गिअर गायब झाले, तर मेकॅट्रॉनिक युनिटची (गिअर बदलवणाऱ्या नियंत्रण यंत्रणेची) शंका घ्या आणि घरी या. स्वस्तात मिळाल्याचा आनंद तिथेच संपतो.

(२०२० मध्ये आलेल्या १.० टीएसआय ऑटोमॅटिकमध्ये डीएसजी नाही, साधा टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे इंजिनची ताकद क्लचऐवजी तेलातून पोहोचवणारा गिअरबॉक्स. नाव सारखं म्हणून दोन्हींना एकाच मापाने मोजू नका.)

जाण्याआधी फोन करून सांगा, गाडी चालू करून ठेवू नका. पोहोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. सुरुवातीच्या १.२ इंजिनांत टायमिंग चेन आहे. ती सैल झाली असेल, तर थंड इंजिन सुरू होताना पहिले काही सेकंद खडखडतं, नंतर सगळं गुळगुळीत.

रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदलणं, हा या गाडीचा जुना शौक. 'स्टॉक आहे' (कंपनीतून आली तशीच आहे) या शब्दावर विसंबू नका, ओळखीच्या मेकॅनिककडून स्कॅन करून घ्या. एकही एरर कोड नाही, पण रेडिनेस चाचण्या (गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच्या करतो त्या तपासण्या) अपूर्ण दिसतात, म्हणजे कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. मधेच बॅटरी कशाला काढली, हे विचारायला लाजू नका.

कागदांचं थोडक्यात: आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विम्याचा नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा, तो तुमच्या हिशोबात धरू नका.

त्या बाटलीवाल्या गाडीची जाहिरात दोन महिन्यांनी पुन्हा दिसली, 'क्लच नवीन टाकला' असं लिहून. बिलाचा फोटो मागितला. अजून आलेला नाही.