कॉलेज फुटबॉलमध्ये ऑफेन्सिव्ह लाइन कोच व्हायचंय? या चुका टाळा

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक चाल पाच धिप्पाड माणसांपासून सुरू होते. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल. सेंटर चेंडू मागे देतो, एवढाच काय तो त्यांचा चेंडूशी संबंध. पुढचे तीन-चार सेकंद समोरच्यांना थोपवून धरायचं, नाहीतर त्यांना हटवून धावणाऱ्याला वाट करून द्यायची. कबड्डीतल्या साखळीसारखं आहे हे. एकाचा हात सुटला की बाकीचे कितीही तगडे असोत, चढाई करणारा निसटतो. या पाच जणांना घडवतो तो ऑफेन्सिव्ह लाइन कोच.

अमेरिकेतल्या कॉलेजांमधल्या सर्वोत्तम लाइनला 2015 पासून जो मूर पुरस्कार मिळतो. तो एका खेळाडूचा नसतो, अख्ख्या लाइनचा असतो. पहिल्या वर्षी तो अलाबामाला मिळाला आणि 2024 मध्ये आर्मीला, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीला. मोठ्या विद्यापीठांसारखे देशभरातून हेरून आणलेले महाकाय खेळाडू आर्मीकडे नसतात. तरीही पुरस्कार तिथे गेला, आणि मला हा निकाल फार बोलका वाटतो. या कामात डावपेच आखणाऱ्यापेक्षा शिकवणारा माणूस जास्त टिकतो. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच होतात. अमेरिकेत हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळलेल्या आणि खेळणं थांबल्यावरही याच खेळात राहू पाहणाऱ्या मराठी मुलांसाठी हे लिहितोय. त्यांच्या आईवडिलांनीही वाचावं.

स्वतः खेळलो, म्हणजे शिकवता येईल असं धरून चालणं

लाइनच्या सरावाला जाऊन उभे राहा. सगळ्यात जास्त ऐकू येतं ते “खाली राहा, खाली राहा!” बरोबरच आहे, कारण ज्याचे खांदे वर गेले तो ढकलला जातो. पण ही ओरड म्हणजे उपाय नव्हे. मुलगा वर का उठतो, हे शोधणं हे कोचचं काम आहे.

कारणं साधारण तीन असतात. पहिलं, त्याचं पहिलं पाऊल फार लांब पडतं. पंधरा-एक सेंटिमीटर पाऊल टाकायचं तिथे तो फूटभर टाकतो, वजन टाचांवर जातं आणि कंबर आपोआप वर येते. याला पावलांचा रियाज हाच इलाज. दुसरं, त्याचे घोटे आणि कंबर पुरेशी वाकतच नाहीत. त्याला कितीही ओरडलात तरी तो खाली राहू शकणार नाही. स्ट्रेंग्थ कोचबरोबर काही महिन्यांचं काम लावून द्यावं लागतं. तिसरं कारण सहसा नजरेतून सुटतं. कुणाला अडवायचं हेच त्याला नक्की माहीत नसतं, म्हणून तो मान वर करून शोधत असतो. त्याला मैदानावर दामटून काही होणार नाही, त्याला फळ्यापुढे बसवा.

होल्डिंगचंही असंच आहे. पंच पिवळा रुमाल टाकतो, दहा यार्ड जातात आणि कोच मुलाच्या हातांवर ओरडतो. फिल्म मागच्या बाजूच्या कॅमेऱ्यातून बघा आणि हातांकडे बघायच्या आधी पायांकडे बघा. बहुतेक वेळा आधी पाय थांबलेले दिसतील. पाय थांबले, समोरचा निसटायला लागला, म्हणून हातांनी जर्सी धरली. हातांवर कितीही मेहनत घेतली तरी पुढच्या शनिवारी पुन्हा रुमाल पडणारच.

परक्या मैदानावर चेंडू हलायच्या आधीच हलल्याबद्दल पाच यार्डांचा दंड वारंवार होत असेल, तर आधी स्वतःला विचारा की गोंगाटात मूक इशाऱ्याचा सराव आठवड्यात किती वेळा घेतला. गार्ड मागे वळून क्वार्टरबॅककडे, म्हणजे चेंडू घेऊन चाल चालवणाऱ्याकडे, बघतो, सेंटरला थाप देतो, सेंटर मान हलवतो आणि मग चेंडू. हे अंगात मुरायला वेळ लागतो. पण एकच टॅकल पुन्हा पुन्हा आधी हलत असेल, तर मामला वेगळा असतो. त्याला समोरच्याच्या वेगाची धास्ती बसलेली असते. त्याची मागे सरकण्याची पद्धत सुधारा, धास्ती कमी होईल.

सॅक झाला की टॅकलवर खापर फोडणं

टीव्हीवर दिसतं ते एवढंच की कडेचा टॅकल मागे पडला आणि चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅक आडवा झाला, म्हणजे सॅक झाला. समालोचक टॅकलचं नाव घेतो, रविवारी लोकही तेच बोलतात. कोचनंही तेच केलं, तर आठवडाभर चुकीच्या माणसाकडून चुकीचा सराव करून घेतला जातो.

एक प्रकार जवळून बघू. बचावाचा आतला टॅकल सरळ न येता तिरपा बाहेर घुसतो आणि आपल्या टॅकलच्या अंगावर जातो. त्यांचा कडेचा एंड त्याच्या पाठीमागून वळसा घालून आतल्या फटीत येतो. आपल्या गार्डनं आणि टॅकलनं इथे माणसांची अदलाबदल करायची असते. ती जमायला दोघांचे खांदे एका पातळीवर हवेत. गार्ड रेषेवरच भिडला आणि टॅकल दोन पावलं मागे सरकलेला असला, तर दोघांच्या मध्ये फट पडते आणि वळसा घेऊन आलेला एंड थेट क्वार्टरबॅकपर्यंत पोचतो. पडद्यावर टॅकल हरलेला दिसतो. खरं तर दोघांनी किती मागे सरकायचं, हे त्यांना कधी एकत्र शिकवलेलंच नसतं. इलाज असा, की या जोडीचा सराव जोडीनंच घ्या. डावा गार्ड आणि डावा टॅकल जेवायलाही शेजारी बसले तरी मला चालेल.

दोष लाइनचा आहे असं म्हणण्याआधी आणखी काही गोष्टी फिल्मवर तपासा. मधला लाइनबॅकर (बचावाच्या लाइनमागे उभा राहणारा) कोण, हे सेंटरनं बरोबर सांगितलं होतं का? तो अंदाज चुकला, तर पाचही जण इमानेइतबारे चुकीच्या माणसाकडे वळतात. जास्तीचा येणारा बचावपटू रनिंग बॅकनं, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्यानं, अडवायचा होता का? क्वार्टरबॅकनं चेंडू किती सेकंद हातात ठेवला? आणि चूक त्याची निघाली, तर ती बैठकीत चारचौघांत बोलू नका. त्याच्या कोचच्या खोलीत जा आणि दार लावून फिल्म दाखवा. सहकाऱ्यांना उघडं पाडणाऱ्या लाइन कोचला पुढच्या नोकरीसाठी शब्द टाकणारं कुणी उरत नाही.

चालींचा ढीग करणं

तरुण कोचला आपल्याला किती येतं ते दाखवायचं असतं. आठवड्याला आठ नव्या रन (धावण्याच्या चाली), सहा नवी प्रोटेक्शन (क्वार्टरबॅकला वाचवायच्या रचना). मुलं विचार करत उभी राहतात आणि समोरचा येऊन धडकतो. नेब्रास्का विद्यापीठाची लाइन 1974 ते 2002 मिल्ट टेनोपिर यांच्या हाताखाली तयार झाली. मुख्य कोच टॉम ऑसबर्न यांच्या त्या संघांनी 1994, 1995 आणि 1997 मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद घेतलं. तिथे सरावात एकाच वेळी अनेक ठिकाणी चाली चालायच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या फळीतल्या मुलालाही भरपूर वेळा तीच चाल घोटून मिळायची. थोडं शिकवा, पण घोटवून घ्या.

धाव की पास हे क्वार्टरबॅकनं चालीदरम्यान ठरवायच्या चाली, म्हणजे आरपीओ, आता सगळीकडे आहेत. कॉलेजच्या नियमाप्रमाणे पास हवेत जाण्याआधी लाइनमननं रेषेपुढे तीन यार्डांपलीकडे जायचं नसतं. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, हीच मर्यादा एक यार्डाची आहे. मुलगा उत्साहानं लाइनबॅकरवर चालून जातो आणि दंड ओढवून घेतो. कुठे थांबायचं ते त्याला शिकवलंय का?

वजन आणि तारे बघून खेळाडू निवडणं

सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आधीच 140 किलोचा आहे, तर घ्या! ही घाई महागात पडते. वजन चढवता येतं, पण चपळ पाय आणि मोकळी कंबर मोठ्या वयात सहजासहजी येत नाहीत. एरिक फिशर हायस्कूलमधून बाहेर पडला तेव्हा हायस्कूल खेळाडूंना तारे देणाऱ्या मानांकनात त्याला दोनच तारे होते. सेंट्रल मिशिगननं त्याला घेतलं आणि 2013 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू निवडीत, तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच विद्यापीठात जो स्टेली टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून पासही झेलणारा) म्हणून आला होता, तो टॅकल झाला आणि 2007 मध्ये पहिल्या फेरीत गेला. पुढे एनएफएलमध्ये नावाजलेला सेंटर झालेला जेसन केल्सी सिनसिनाटीत शिष्यवृत्तीशिवाय आला, तोही लाइनमध्ये खेळायला नव्हे.

म्हणून हायस्कूलच्या कुस्तीच्या आखाड्यात आणि बास्केटबॉलच्या कोर्टवर जाऊन बघा. तिथे मुलाचे पाय दिसतात.

2018 मध्ये ट्रान्स्फर पोर्टल (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आलं, पुढे बदली करणाऱ्याला लगेच खेळायची मुभा मिळाली आणि 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. त्यामुळे काही कोच म्हणतात, घडवायचं कशाला, तयार माणूस आणू. लाइनमन तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात हे मात्र बदललेलं नाही. दुसऱ्या फळीतल्या मुलाशी आठवड्यातून एकदा तरी नीट बोला. तो कुठे कमी पडतो आणि संधी कधी मिळू शकते, हे त्याला खरंखरं सांगा. न बोलता ठेवलेली मुलं निघून जातात आणि जानेवारीत तुमच्याकडे पाचच माणसं उरतात.

उन्हाला हलक्यात घेणं

ही चूक बाकीच्यांसारखी नाही. हिच्यापुढे करिअरचा हिशेब गौण आहे.

29 मे 2018 रोजी मेरीलँड विद्यापीठाच्या सरावात 110 यार्डांच्या धावण्याच्या फेऱ्या चालू होत्या. जॉर्डन मॅकनेर हा 19 वर्षांचा ऑफेन्सिव्ह लाइनमन उष्माघातानं कोसळला आणि 13 जूनला वारला. त्याच्या शरीराचं तापमान घेतलं गेलं नव्हतं आणि त्याला बर्फाच्या पाण्यात ठेवलं गेलं नव्हतं, हे नंतर समोर आलं. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी जाहीरपणे जबाबदारी स्वीकारली. ऑक्टोबरअखेर मुख्य कोचला काढण्यात आलं.

मोठ्या देहाचा खेळाडू तापतो लवकर आणि निवतो उशिरा. लाइन कोचइतका जवळून त्या मुलांना कुणीच बघत नसतं. नेहमी बोलणारा मुलगा गप्प झाला, पाय वेडेवाकडे पडू लागले, विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर आलं, की त्याला तिथल्या तिथे थांबवा आणि अ‍ॅथलेटिक ट्रेनरला हाक मारा. ट्रेनर “बस” म्हणाला की विषय संपला, त्याच्याशी हुज्जत नाही. थंड पाण्याचा टब भरलेला आहे का, हे सराव सुरू व्हायच्या आधी स्वतः जाऊन बघा. उष्माघातात आधी शरीर थंड करायचं आणि मग रुग्णालयात न्यायचं. थकलेल्या मुलाला “नाटकं करू नकोस” म्हणणारा माणूस या कामाला लायक नाही, असं मी स्पष्टच म्हणेन.

मोठ्या नावामागे धावणं

सुरुवात बहुतेकांची ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून होते. पदव्युत्तर शिक्षण, तुटपुंजं मानधन आणि रात्रीपर्यंत फिल्म कापत बसणं. पुढे दोन वाटा असतात. मोठ्या विद्यापीठात अ‍ॅनालिस्ट (फिल्म तपासून कोचना मदत करणारा) व्हायचं किंवा छोट्या कॉलेजात स्वतःची लाइन सांभाळायची. बरेच जण पहिली वाट धरतात, कारण जॅकेटवर मोठं नाव असतं. पण 2024 मध्ये नियम बदलेपर्यंत अ‍ॅनालिस्टला मैदानावर तंत्र शिकवायची परवानगीच नव्हती. आता ती आहे, तरी लाइनची जबाबदारी दुसऱ्याचीच असते. माझा सल्ला दुसऱ्या वाटेचा. डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे छोट्या कॉलेजांच्या गटात, खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, पगार बेताचा असतो, मैदान आखण्यापासून सगळं करावं लागतं. पण चूक झाली तर ती तुमची असते आणि तीच तुम्हाला शिकवते.

सॅम पिटमन यांचा प्रवास बघा. हचिन्सन कम्युनिटी कॉलेजपासून पुढे कित्येक विद्यापीठांत लाइन सांभाळत ते जॉर्जियाला पोचले आणि 2019 च्या डिसेंबरात, वयाच्या 58 व्या वर्षी, आर्कान्सानं त्यांना मुख्य कोच केलं. सप्टेंबर 2025 मध्ये त्यांना तिथून जावंही लागलं. या पेशात हे असंच असतं, आणि घरच्यांना ते आधी सांगून ठेवायला हवं. असिस्टंटचा करार साधारण एक-दोन वर्षांचा असतो. मुख्य कोच गेला की बहुतेक सगळा स्टाफ जातो, तोही डिसेंबरात, मुलांची शाळा मध्यावर असताना. सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवा. काढलं तर किती महिन्यांचा पगार मिळणार आणि दुसरी नोकरी लागल्यावर तो थांबणार का, हे कलम तरी नीट वाचा.

ज्यांच्या नावानं पुरस्कार आहे ते जो मूर यालाही अपवाद नव्हते. पिट्सबर्गमध्ये त्यांनी मार्क मे, रस ग्रिम, जिंबो कव्हर्ट, बिल फ्रालिक असे एकाहून एक लाइनमन घडवले आणि 1988 ते 1996 ते नोत्र दामला होते. मग मुख्य कोच बदलला आणि त्यांची नोकरी गेली. वयामुळे काढलं म्हणून ते कोर्टात गेले आणि 1998 मध्ये ज्युरीनं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. त्यांच्या हाताखाली हायस्कूलमध्ये खेळलेले कर्क फेरेन्ट्झ 1980 मध्ये पिट्सबर्गला त्यांच्याबरोबर ग्रॅज्युएट असिस्टंट होते. तेच फेरेन्ट्झ 1981 मध्ये लाइन कोच म्हणून आयोवाला गेले आणि 1999 पासून तिथले मुख्य कोच आहेत. कुणाच्या हाताखाली शिकायचं हे निवडताना विद्यापीठाचं नाव नंतर बघा, खोलीत शिकवणारा माणूस आधी बघा.

मुलाखतीत भाषण देणं

मुख्य कोच मार्कर पुढे करतो आणि म्हणतो, “तुमचा इनसाइड झोन (मधल्या फटींतून धावायची चाल) मला शिकवा.” उमेदवार फळा भरून टाकतो आणि अर्धा तास थांबत नाही. त्याऐवजी आधी विचारा, समोर बचाव कोणता आहे? मग समोर अठरा वर्षांचा मुलगा बसलाय असं समजून एकट्या डाव्या गार्डचं पहिलं पाऊल, हात कुठे आणि नजर कुठे, एवढंच शिकवा आणि त्याच्याकडून उलट वदवून घ्या. सोबत आपल्या एखाद्या खेळाडूच्या दोन क्लिप ठेवा, एक ऑगस्टमधली आणि एक नोव्हेंबरमधली, दोन्हींत ब्लॉक तोच. ऑगस्टमधली आधी लावा, आणि त्यात काय चुकत होतं, त्यावर कोणत्या आठवड्यात काय केलं, ते सांगून मगच दुसरी सुरू करा.