एस्कीची तयारी करायची ती आदल्या रात्री

मेलबर्नला नोव्हेंबरनंतर येणाऱ्याला महिन्या-दोन महिन्यांत कुणी ना कुणी पार्कात बार्बेक्यूला बोलावतंच. ऑफिसातले बोलावतात, मुलांच्या शाळेतले पालक बोलावतात. आपली मंडळी तर संक्रांतीचं हळदीकुंकूसुद्धा पार्कात उरकतात, कारण इथे संक्रांत भर उन्हाळ्यात येते आणि तिळगुळापेक्षा पन्ह्याला जास्त मागणी असते. निरोपाच्या शेवटी ‘बीवायओ’ असं लिहिलेलं असतं. आपलं प्यायचं आपण आणायचं आणि ते गार ठेवायची सोय, म्हणजे बर्फाची पेटी, इथल्या भाषेत ‘एस्की’, तीही आपणच बघायची. इथे त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आपल्याकडच्या यजमानीणबाईंना वाटेल, म्हणून मराठी घरी जाताना आधी विचारा.

टॅक्स फाइल नंबर, बँक, मेडिकेअर याबद्दल सांगणारे तुम्हाला ढिगाने भेटतील. एस्कीबद्दल कुणी सांगत नाही, आणि दर उन्हाळ्यात तोच गोंधळ मी बघते. सत्तर लिटरची चाकांची नवी कोरी एस्की, आत गॅरेजमधून थेट उचललेल्या कोमट बाटल्या आणि वर पेट्रोल पंपावरून घेतलेली बर्फाची एकच पिशवी. दुपारी दोनला झाकण उघडावं तर आत कोमट पाण्यात बाटल्या बुडालेल्या. मग शेजारच्या गोऱ्या कुटुंबाच्या एस्कीकडे बघत ‘यांची कंपनी कुठली हो?’ अशी चर्चा. कंपनीचा काही संबंध नाही. एस्कीवर पाचशे डॉलर घालणारे आणि दुसऱ्या बर्फाच्या पिशवीचे पाच डॉलर वाचवणारे आपणच.

बर्फाला गार करायला लावू नका, गार ठेवायला लावा. गार करायचं काम घरच्या फ्रीजचं. हिशेबच बघा. ३७५ मिलिच्या २४ बाटल्या गॅरेजमध्ये ३० अंशांवर आहेत. त्या ४ अंशांवर आणायच्या तर बाटल्यांची काच धरून साधारण सव्वातीन किलो बर्फ वितळतो. पिशवी असते ५ किलोची. म्हणजे पहिली बाटली तोंडाला लागायच्या आत दोन तृतीयांश बर्फाचं पाणी झालेलं असतं, आणि दिवसभराचं ऊन अजून बाकीच आहे. त्याच बाटल्या आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवल्या असत्या तर ती पिशवी जवळपास पूर्ण शिल्लक राहिली असती. फ्रीजमध्ये जागा नसते, हे मला ठाऊक आहे. भिजवलेलं चिकन, दहीवडे, कापलेलं कलिंगड. मग दोन दिवस आधीपासून जागा होईल तशा चार-चार बाटल्या आत सरकवा, पण गरम बाटली एस्कीत टाकू नका. घरातून निघताना बाटली हाताला गार लागली पाहिजे. पुन्हा सांगते, गरम बाटली टाकू नका.

एस्कीचंही तसंच. ती गॅरेजमध्ये किंवा गाडीच्या डिकीत पडून असते, तिच्या भिंती तापलेल्या असतात आणि सकाळी घातलेला पहिला बर्फ त्या भिंती गार करण्यातच खर्च होतो. आदल्या संध्याकाळी ती घरात आणा, आत गोठवलेल्या दोन बाटल्या टाकून झाकण लावून ठेवा.

बर्फ दोन तऱ्हेचा लागतो. मोठा ठोकळा सावकाश वितळतो, कारण त्याला हवा लागायला जागा कमी. बारीक खडे बाटल्यांच्या फटींत शिरतात. ठोकळे विकत घेऊ नका. आपल्या प्रत्येक घरात दह्याचे दोन किलोचे रिकामे डबे असतातच, धुऊन रांगेत लावलेले, ‘लागतील’ म्हणून. ते आता लागले. पाणी भरून फ्रीझरमध्ये ठेवा, फक्त वर दोन बोटं जागा सोडा, कारण गोठताना पाणी साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं आणि झाकण उडतं. ठोकळे तळाशी, त्यावर बाटल्या उभ्या, मधल्या फटींत खडे आणि सगळ्यात वर पुन्हा खड्यांचा जाड थर. बर्फ आणि बाटल्या वजनाने सारख्या तरी हव्यात. दिवस मोठा असेल तर बर्फ दुप्पट. पाण्याच्या दोन-तीन बाटल्या गोठवून टाकल्या तर त्या बर्फाचं काम करतात आणि चार वाजता प्यायलाही होतात.

बर्फाच्या पिशव्या सकाळी लवकर घ्या. २६ जानेवारीला तर नक्कीच. आपला प्रजासत्ताक दिन आणि यांचा ऑस्ट्रेलिया डे एकाच दिवशी. ध्वजवंदन आटोपून अकरा वाजता पेट्रोल पंपावर जाल तर बर्फाचा फ्रीझर रिकामा दिसेल. ‘बॉटल शॉप’मध्ये, म्हणजे दारूच्या दुकानातही बर्फ मिळतो, हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही.

पोचल्यावर एखादी बाटली गार व्हायची राहिलीच असेल तर नुसत्या खड्यांत खुपसू नका. खड्यांमध्ये हवा असते, बाटलीला बर्फ जागोजागीच टेकतो. भरपूर पाणी घाला, बाटली मानेपर्यंत बुडू द्या, अधूनमधून फिरवा. वीस-पंचवीस मिनिटांत चांगली गार होते. याच कारणाने वितळलेलं पाणी सारखं सारखं काढून टाकू नका. बर्फ आहे तोवर ते पाणी शून्याच्या आसपासच असतं. मीठ घालायचा सल्ला हमखास कुणीतरी काका देतात. लहानपणी जाडं मीठ टाकून पॉट आइस्क्रीम फिरवलेलं असतं, त्यामुळे खात्री असते. मिठाने तपमान शून्याच्या बरंच खाली जातं हे खरं, पण बर्फही भराभर संपतो आणि सोड्याची काचेची बाटली गोठून फुटू शकते. करायचंच तर वेगळ्या बादलीत करा. ड्राय आइस मात्र बिलकूल नको. तो उणे ७८ अंशांचा गोठलेला कार्बन डायऑक्साइड असतो. बंद गाडीत त्याचा वायू साठला तर जिवावर बेततं.

आता बूच. एस्कीच्या तळाशी पाणी काढायचं बूच असतं, ते निघण्यापूर्वी हाताने पिळून बघा. गेल्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीचं नवं जोडपं भाड्याची गाडी घेऊन ग्रेट ओशन रोडला, त्या समुद्रकाठच्या रस्त्याला गेलं. बूच अर्धंच फिरवलेलं. लॉर्न गावापर्यंतच्या वळणांत एस्कीतलं पाणी थेंबाथेंबाने डिकीच्या गालिच्यातून खाली उतरलं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात साठलं. त्यांना पत्ताच नाही, कारण वरून गालिचा नुसता दमट लागत होता. तीन दिवस गाडी उन्हात, काचा बंद. परत करताना असा वास की डिपॉझिटमधून सफाईचे पैसे कापले गेले, आणि ती रक्कम नव्या माणसाच्या आठवड्याच्या किराण्याहून मोठी होती. कित्येक गाड्यांत डिकीच्या तळाखाली वायरिंग असतं, काहींत बॅटरीसुद्धा. तिथे पाणी गेलं तर सफाईवर भागत नाही. म्हणून बूच बघा, एस्कीखाली जाड प्लास्टिक किंवा कडा असलेला ट्रे ठेवा आणि एस्की पट्ट्याने बांधा. बूच कुणी बघितलं, हे निघताना मोठ्याने विचारा. नवरा म्हणेल ‘बघितलं’. तरी स्वतः बघा.

शक्यतो डिकीत ठेवूच नका, मागच्या सीटवर एसीत ठेवा. पार्कात झाडाखाली ठेवा, आणि सावली सरकते तशी एस्कीही सरकवा. वर ओला पांढरा टॉवेल टाका. मेलबर्नचा उत्तरेचा वारा कोरडा असतो, टॉवेलमधलं पाणी उडतं आणि झाकण गार राहतं. या वाऱ्याला हलक्यात घेऊ नका. ७ फेब्रुवारी २००९ला याच शहरात पारा ४६.४ वर गेला होता. ‘टोटल फायर बॅन’, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला बंदी, जाहीर असेल तर घरची कोळशाची शेगडी नेऊ नका. पार्कातल्या कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, विजेच्या शेगड्या चालतात.

खाणं आणि पिणं एका एस्कीत नको. पिण्याच्या एस्कीचं झाकण पोरं दर दोन मिनिटांनी उघडतात, त्यातलं श्रीखंड टिकणार कसं? कच्चं चिकन तर त्या बर्फाच्या जवळपासही नको, कारण तोच बर्फ कुणीतरी ग्लासात घालतो. आपल्यात हे फार बघितलंय. पेल्यात घालायचा बर्फ वेगळ्या डब्यात न्या. खाण्याचा इथला नियम सोपा आहे: ५ ते ६० अंशांच्या मध्ये पदार्थ दोन तासांपेक्षा कमी राहिला तर परत फ्रीजमध्ये चालतो, दोन ते चार तास झाले तर लगेच संपवायचा, चार तासांवर गेला की फेकायचा. ‘वास तर येत नाहीये’ हा नियम नाही.

दारूबद्दल पाटी वाचा. अनेक कौन्सिलांच्या पार्कांत आणि किनाऱ्यांवर दारूला बंदी असते, कधी पूर्ण, कधी ठरावीक वेळेत. काचेलाही बऱ्याच ठिकाणी बंदी असते, म्हणून कॅन घ्या. इथला रेंजर, म्हणजे नियम बघणारा कौन्सिलचा माणूस, आवाज चढवत नाही, हसून बोलतो आणि हसतच दंडाची पावती देतो. हुज्जत घालून काही होत नाही, ओळख काढून तर नाहीच. गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के, पी-प्लेटवाल्याला, म्हणजे नव्या लायसन्सवाल्याला, शून्य.

दुसऱ्याच्या एस्कीत न विचारता हात घालायचा नाही. कुणी दिली तर घ्या, आणि थोड्या वेळाने आपल्यातली त्याला द्या. ही देवघेव कुणी बोलून दाखवत नाही, पण लक्षात ठेवतात.

रिकाम्या बाटल्या आणि कॅन वेगळ्या पिशवीत भरा. व्हिक्टोरियात नोव्हेंबर २०२३पासून पात्र बाटलीमागे १० सेंट परत मिळतात. गंमत अशी की काचेच्या बाटलीचं कागदी लेबल दिवसभर बर्फाच्या पाण्यात भिजून सुटतं, हाताला चिकटून येतं, आणि बारकोड नसला की बाटल्या परत घेणारं मशीन ती बाहेर ढकलतं. कॅनला ती अडचण नाही, फक्त चुरगाळू नका. घरी आल्यावर एस्की साबणाने धुवा, बूच काढून, झाकण उघडं टाकून दोन दिवस वाळवा. ओली बंद केलीत तर पुढच्या पिकनिकला आतून बुरशी निघेल आणि पुन्हा दुकानात जाऊन नवी एस्की घ्याल, तीही सत्तर लिटरचीच.